नवाकोरा सुरा

मी पसंत केलेल्या मुलाने पहिल्याच भेटीत बाबांना तोंडावर सांगितलं, “जीव मारून जेवणं मला पटत नाही.” बाबा खाटीक. भडकलेच. “आणि माझ्या सुऱ्यावर पोसलेली पोरगी बरी चालते?” तो हसला, बाबा नाही. काल बाबांनीच त्याला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात पाहते तर बाबांसमोर लठ्ठ भोपळा आणि हातात नवाकोरा सुरा. “मांसाला लागलेला नाही,” ते गुरगुरले. मग भोपळा चारी बाजूंनी चाचपून वैतागले, “अगं, याला सांधाच नाही! कापू कुठून?” कशीबशी भाजी झाली. आमच्या घरात मटणातला मांडीचा तुकडा फक्त जावयाला मिळतो. आजवर तो ताईच्या नवऱ्यानेच खाल्लाय. बाबांनी पातेलं ढवळून ढवळून सगळ्यात मोठी फोड शोधली, पाहुण्याच्या ताटात वाढली आणि दरडावलं, “खा मुकाट्याने. भोपळ्याची मांडी आहे!”