काशी घडवणारा नगरसेवक

विश्वजीतभाऊ वारज्याच्या कॅनॉलकडेच्या वस्तीत मतं मागायला आले, तेव्हा मथुराबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"तुमच्या प्रचाराचा खर्च त्यो बिल्डर करतोय, आन् त्याचा डोळा आमच्या जागेवर हाय. तुमाला मत कशापायी द्यायचं?"

"मावशी, दगडूशेठच्या गणपतीची शपथ, तो माझा कुणी लागत नाही. निवडून आलो की अख्ख्या वस्तीला काशी घडवतो. मग तर झालं?"

वस्तीनं मतं दिली. भाऊ नगरसेवक झाले आणि चक्क शब्दाला जागले. घरांना कुलपं लावून सगळी वस्ती रेल्वेनं काशीला गेली. रीतीप्रमाणे गंगेवर आवडती वस्तू सोडायची म्हणून मथुराबाईंनी वांगं सोडलं. तिथूनच भाऊंना फोन करून तसं सांगितलं, वर तोंडभर आशीर्वादही दिला.

परत आल्या, तर वस्तीच्या जागी सपाट मैदान होतं आणि भोवती बिल्डरचे निळे पत्रे. मथुराबाईंनी तिथूनच भाऊंना फोन लावला.



"मावशी, काशीला आवडती वस्तू सोडायची असते," भाऊ म्हणाले. "नुसतं वांगं सोडून कसं भागेल?"