पॉइंट टू-टू आणि पेढा

"उजवा हात पुढे कर," लीनाने बजावलं आणि कस्तुरीच्या तळहातावर प्रसादाच्या डब्यातला पेढा ठेवला. डावखुऱ्या लेकीला लहानपणापासून हेच वळण लावलं होतं. आज बहारीनच्या नेमबाजी क्लबात सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल निवडायची होती. गोळ्या स्वस्त, धक्काही नावापुरता. पण कस्तुरीला एकही पटेना. उचलायची, खांद्याला लावायची, चुळबुळत परत ठेवायची. "यल्ला, घे ना एखादी!" लीना वैतागली. कस्तुरीने चिडून शेवटची रायफल डाव्या खांद्याला टेकवली आणि एकदम स्थिरावली. पोरीला इतकं शांत लीनाने ती झोपलेली असतानासुद्धा पाहिलं नव्हतं. "लेफ्टी है क्या?" प्रशिक्षकाने विचारलं. कस्तुरीने दचकून आईकडे पाहिलं. "हां, लेफ्टी है. लेफ्टीवाली दिखाओ," लीना म्हणाली. तिने पुन्हा डबा उघडला. कस्तुरीने सवयीने उजवा हात पुढे केला. तो बाजूला सारून लीनाने डाव्या तळहातावर पेढा ठेवला.