शेजारची झडप

महापालिकेच्या साहेबानं शालूबाईच्या नळाचा व्हॉल्व्ह खोलला आणि आत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"ह्याच्या आतली झडप कुठाय?" साहेबानं विचारलं.

निम्मी गल्ली दारात जमली होती. एरवी एकाला बोलवा, दहा बोलतील अशी ही कोल्हापूरची गल्ली, पण आज सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

गल्लीतली नळाची कामं करणारा आकाराम मिस्त्री पाना हातात धरून बाजूला उभा होता. त्याला त्या झडपेचं काही पडलं नव्हतं. महापालिकेची लाईन कुठं फुटलीय, तेवढं त्याला दाखवून पाहिजे होतं. नऊ दिवसांपूर्वी त्याची वर्षाराणी काविळीनं गेली होती, पोटातल्या बाळासकट. पोरीला कुणी मारलं हे कळल्याशिवाय त्याला घास गिळवत नव्हता.

एकुलती एक लेक. हातकणंगल्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला मोठ्या हौसेनं आणली. तिची आई बाळाबाई रोज सकाळी नळ आला की पहिली कळशी लेकीसाठी भरून ठेवायची. ताजं पाणी पोरीला, मग बाकीच्यांना. महिन्याभरात पोरीचे डोळे पिवळे झाले. गल्लीत आणखी सात-आठ जणांना कावीळ झाली होती, पण ती माणसं पथ्यपाणी करून उठली. पोटुशी पोर काही उठली नाही. चार दिवसांत सगळं संपलं.

तेव्हापासून आकाराम रोज महापालिकेत जाऊन ओरडत होता. "तुमच्या पायपात गटार शिरलंय! आमच्या गल्लीतला एकेक नळ खोलून बघा, म्हंजे कळंल!" दोन हजार चारचा पावसाळा सरत आला होता. शेवटी कुणीतरी ऐकलं आणि बुद्धभूषण नावाच्या ह्या तरुण इंजिनीअरला पाठवलं.

आता त्या व्हॉल्व्हची भानगड अशी. दोन वर्षांपूर्वी महापालिकेनं नियम काढला होता. प्रत्येक नळाला पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर कनेक्शन तोडू. गल्लीतले सगळे व्हॉल्व्ह आकारामनंच बसवले. पण आतल्या झडपेनं धार बारीक झाली. आधीच पाणी सकाळचे दोन तास, त्यात ही करंगळीएवढी धार! बायका त्याच्या मागं लागल्या. "आकारामदादा, कायतरी करा की! हंडा भरंस्तवर पाणी जातंय." मग तपासणीवाले येऊन गेल्यावर आकारामनं घरोघरी जाऊन झडपा काढून टाकल्या. वरनं व्हॉल्व्ह तसाच, आत नुसता पोकळ. पैसा घेतला नाही, चहा तेवढा घेतला. गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं.

स्वतःच्या नळाची झडप मात्र त्यानं ठेवली. बाळाबाई कुरकुरली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे धार बारीक. आपल्या घरात घाण याया नगं. ज्यांना धार पायजे त्यांनी आपलं बघावं." व्हॉल्व्ह ज्याच्या दारात असतो त्याचीच राखण करतो, असं तो धरून चालला होता.

साहेबानं शालूबाईच्या नळाला लावलेली रबरी नळी उचलली. सकाळी म्हशी धुता धुता पाणी गेलं की शालूबाई नळ उघडाच ठेवून ती तिथंच टाकायची. नळीचं टोक गटारीत बुडालेलं होतं.

"ते सोडा, साहेब," आकाराम तडकला. "माझा नळ बघितला न्हवं? माझी झडप जाग्याव हाय. तरीबी माझ्या घरात घाण आलीच की! म्हंजे लाईनच फुटलीया!"

"लाईन मी दोन्ही टोकांनी तपासली, मिस्त्री. कुठं फुटलेली नाही." साहेबाचा आवाज खाली आला. समोर कोण उभं आहे हे त्यालाही ठाऊक होतं. "पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि जिथनं मिळेल तिथनं ओढून घेतो. ह्या नळीतनं गटारीचं पाणी लाईनीत जात होतं. सकाळी पाणी सोडलं की ते आधी तुमच्या नळाला यायचं. पुढचं घर तुमचंच आहे."

दारात उभ्या असलेल्या बाळाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"पर माझा व्हॉल्व्ह..."

"तुमचा व्हॉल्व्ह तुमच्यासाठी नसतो, मिस्त्री. तुमच्या घरातली घाण दुसऱ्याकडं जाऊ नये म्हणून तो असतो. तुमच्या पोरीला राखणारा व्हॉल्व्ह हा होता." साहेबानं हातातला पोकळ व्हॉल्व्ह पुढं केला.

आकारामनं हातातला पाना खाली ठेवला.

"झडप कुणी काढली?" साहेबानं शालूबाईला विचारलं. "नाव सांगा. त्याचं लायसन रद्द करतो."

शालूबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात फटकळ बाई. पण तिनं आकारामकडं बघितलंसुद्धा नाही. "कोण काढतंय? दुकानातनंच तसा आला आसंल," ती म्हणाली. मागनं आणखी दोघी पुढं झाल्या. "व्हय व्हय, आमचाबी तसाच आला हुता." लेक गेली, निदान ह्याचं काम तरी राहू दे, एवढंच त्यांच्या मनात. ती माया आकारामला सोसेना. नऊ दिवस तो ज्याला शोधत होता, त्यालाच ह्या बाया पदराआड घालत होत्या.

"न्हाय, साहेब," तो म्हणाला. "मी काढली. गल्लीतल्या समद्या घरांच्या मीच काढल्या. माझी एक तेवढी ठेवली."