भट्टीवाल्याचे हात

तिसऱ्यांदा बहिणीचा ओठ फुटलेला दिसला, तेव्हा मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला नाही.

ती गॅरेजच्या दारात उभी होती. हातात भावासाठी आणलेल्या पावांची पिशवी. डोळ्याखाली काळंनिळं, पुढचा दात अर्धा.

"पडले," ती म्हणाली. जीभ जड पडत होती.

"मागच्या वेळीही पडलीस. त्याआधी दार लागलं. तुझ्या घरातली दारं फारच मारकुटी झालीत!"

ती हसली नाही. "दादा, ते जागेपणी बोट लावत नाहीत रे मला. झोपेत होतं. त्यांच्या वडलांचंही तसंच होतं म्हणे, झोपेत हात चालायचे. मी पण झोपलेलीच असते. उठते तेव्हा हे असं. अंग कुणी मळून काढल्यासारखं दुखतं. त्यांना दाखवलं की रडतात बिचारे."

"आणि डॉक्टर?"

"गोळ्या दिल्यात त्यांना. मलाही बोलावलं होतं, दोनदा. पण हे तोंड घेऊन कुठे जाऊ?"

नवराबायको दोघंही बेकरीत कामाला. रात्रभर तो भट्टी सांभाळायचा, ती पाव बांधायची. सकाळी घरी येऊन, खिडकीला गोणपाट लावून दोघं झोपायची. त्या वेळी शेजारीपाजारी कामावर गेलेले. कुणी ओरडलं तरी ऐकायला कोण?

पिशवीत पावांखाली तिने नवऱ्यासाठी घेतलेली गोळ्यांची पट्टी होती. ती ओढून घेऊन मेकॅनिक कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरला.

"कसली गोळी ही?"

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "मेंदूला शांत करणारी. झोपेत लाथाबुक्क्या मारणाऱ्याला देतात, फिट येणाऱ्याला देतात, उगाच धास्तावणाऱ्याला देतात. गोळी एक, गिऱ्हाइकं तीन."

"मग मलाच द्या एखादी. डोकं पेटलंय."

"ज्याचं दुखणं त्यानेच गिळावी, भाऊ," दुकानदार हसून म्हणाला.

मेकॅनिकच्या कानात फक्त लाथाबुक्क्या राहिल्या.

संध्याकाळी बेकरीत भट्टीवाला एकटाच पीठ मळत होता. कोपरापर्यंत पांढरा. पाना त्याने पाहिला, तरी म्हणाला, "या, दादा."

"मारतोस तिला?"

मळणारे हात थांबले. "मारतच असणार. मला आठवत नाही. पण घरात आम्ही दोघंच. तिसरं कोण येणार मारायला?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खरं बोलणाऱ्यावर हात उचलायला जड जातं.

"गोळी गिळतोस की फेकतोस?"

"गिळतो, दादा. डॉक्टरांनी वाढवूनही दिली. मुडद्यासारखा झोपतो. कानाशी ढोल बडवले तरी जाग यायची नाही. आणि उठून बघतो तर तिच्या तोंडाला रक्त." त्याने पिठाने माखलेले हात पुढे धरले. "मी झोपतो, पण हे हात काही झोपत नाहीत."

"देव बघून घेईल, असं आमची आई म्हणायची," मेकॅनिक म्हणाला. "पण देवाला पाना धरता येत नाही ना."

भट्टीवाल्याने हात फडक्याला पुसले. बोटातली अंगठी काढून खिशात ठेवली. मग दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"तोंडावर नका मारू. मला बघून ती घाबरेल."

पहिल्याच घावाला टोस्ट मोडावा तसा आवाज आला. भट्टीवाल्याने ते फडकं तोंडात कोंबलं. दुसरा घाव, तिसरा. उजव्या हाताची बोटं कुठल्या कुठे वळली. डाव्याच्या वेळी तो टेबलाखाली घसरला. मेकॅनिकने त्याला कॉलर धरून उठवलं, हात पुन्हा जागेवर ठेवला आणि मनगटावर पाना घातला. पिठात रक्त उतरलं, पीठ ते पीत गेलं.

खाली बसलेल्या भट्टीवाल्याने तोंडातलं फडकं थुंकलं. "आता... आता झोपेल ती."

दवाखान्यात त्याने पीठ मळायच्या यंत्रात हात गेले म्हणून सांगितलं. कोपरापर्यंत दोन्ही हातांना प्लास्टर. हे हात आता पीठ मळायच्या कामाचे नाहीत, असं सर्जन म्हणाले. बहिणीला मात्र न सांगता सगळं कळलं. तिने व्हरांड्यातच भावाची गचांडी धरली.

"माझ्या ताटात माती कालवलीस, दादा! कुणी सांगितलं होतं तुला?"

ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत राहिली. त्याने मारू दिल्या.

"शिव्या घाल हव्या तेवढ्या. पण धड झोपशील तरी."

रात्रभर ती नवऱ्याच्या उशाशी जागी होती. सकाळी भावाने तिला बळेच घरी आणलं. अंगणातल्या दोरीवर चादर वाळत होती. गेल्या खेपेला आला तेव्हाही वाळत होती. खिडकीला गोणपाट त्यानेच लावलं.

"तू पड. मी दाराबाहेर बसतो. चिटपाखरू आत येणार नाही."

दार लोटून घेऊन तो पायरीवर टेकला आणि पान्याच्या दातऱ्यात सुकलेलं पीठ खिळ्याने उकरत बसला. किती दिवसांनी छाती हलकी वाटत होती. आई असती तर पाठीवरून हात फिरवला असता, असं त्याच्या मनात आलं.

बाराच्या सुमारास आतून किंकाळी आली. एकच, लांब, जनावराची असावी तशी. मग खाटेचे पाय फरशीवर आपटू लागले.

पाना उगारून त्याने दार ढकललं.

ती खाटेवर होती. डोळे पांढरे फिरलेले, जीभ दातांत सापडलेली, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ताठरलेलं अंग झटके देत होतं आणि दर झटक्याला तिचं तोंड खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळत होतं. खोलीत दुसरं कोणीही नव्हतं.