दुपारची बोंब

होडी उलटून सख्खा भाऊ डोळ्यांदेखत बुडाला, तेव्हापासून लवू जागेपणी अवाक्षर बोलत नव्हता. दर्याकडे तर त्याने पाठच फिरवली. देवगडच्या आंब्याच्या बागेत वानरं हाकायचं काम मिळालं, पण फटाका वाजला की वानरांआधी हाच पळायचा. हेही काम जाणार, अशी त्याच्या बायकोला, हिराला, धास्ती होती. महिनाअखेर बागायतदार पैसे देताना म्हणाला, "गो हिरा, तुझो घोव मुको दिसता, पण दुपारची काय बोंब मारता! एक वांदर बागेत ऱ्हवणा नाय."

त्या बोंबेमागचं खरं हिराला ठाऊक होतं. रात्रभर टक्क जागा असलेला लवू दुपारी कलमाखाली पेंगायचा आणि झोपेत किंचाळायचा, "दादा, हात दी रे!"

तेच पैसे पदराला बांधून ती त्याला कणकवलीला, मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "बोलायला वेळ लागेल. पण या गोळ्यांनी झोपेतलं किंचाळणं लवकरच थांबेल."

फी द्यायला पदराची गाठ सोडता सोडता हिराचा हात थांबला.

"डॉक्टर, औषद आंबे सरल्यावर सुरू केला तर चलात?"