पुढच्या सीटवर शेवंताबाई

लेकीच्या स्विस गावात डोंगरमाथ्यावरून दरीपर्यंत रुळांवरची घसरगाडी धावायची. पुढे बसेल त्याच्या हाती ब्रेक. मारुतरावांनी तीस वर्षं आंबा घाटात एसटी चालवलेली. ते सरळ पुढच्या सीटकडे वळले.

"अहो, तुम्ही मागं बसा," शेवंताबाई म्हणाल्या. "जन्मभर मीच बसले."

बाईंनी पदर खोचला आणि ब्रेक सोडूनच दिला. पाइनची झाडं, गाई, निळं तळं, सगळं भर्रकन मागे पडलं.

"अगं हळू! पोरीला पोरकं करशील!" मारुतराव वळणावर ओरडले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोला चारचौघांत घट्ट मिठी मारली.

खाली गाडी थांबली तरी मिठी सुटेना.

"सोडा की, स्टॉप आला," बाई लाजल्या.

मारुतराव हळूच म्हणाले, "अजून एक फेरी मारू या?"