लिहून पुसलेलं

घरच्या ग्रुपवर काकांचा विनोद आला, "आमच्या हिला लिफ्टने वर न्यायचं म्हणजे दोन फेऱ्या." ही म्हणजे काकू. त्याही याच ग्रुपवर आहेत, पण कधी काही लिहीत नाहीत.

बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं. मी एका अंगठ्यानं लिहिलं, "काका, काकूही हे वाचतात." पुसलं. "काका, आता पुरे हं," असं लिहिलं. तेही पुसलं. शेजारून नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. मोठ्यांशी कशाला वाईटपणा घेतेस?" तोवर खाली अकरा जण हसून मोकळे झाले होते. बारावा हसरा चेहरा मी टाकला आणि फोन पालथा ठेवला. रोजचंच झालंय हे.

रविवारी काकू बाळाला बघायला आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"अहो काकू, चार मजले चढून आलात? लिफ्ट चालू आहे की!"

"असू दे गं."

पाणी प्यायल्या, बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ह्यांनी ग्रुपवर काही टाकलं, की तू लिहितेयस असं वर दिसतं बघ. तेवढा वेळ मी फोन हातात धरून बसते. आज तरी पाठवशील, म्हणून."